रात्री कोणी ब्राउझर उघडला नाही, तरी कॅशमध्ये नव्या फायली का येतात: कारणांचा शोध आणि उपाय

घरातील सगळे झोपलेले असताना संगणकाच्या ब्राउझर कॅशमध्ये, म्हणजे पानांतील चित्रे व इतर वस्तू पुन्हा लवकर मिळाव्यात म्हणून ब्राउझर डिस्कवर ज्या जागी साठवतो तेथे, नव्या फायली येऊन पडतात, साफ केल्या तरी काही दिवसांत पुन्हा दिसू लागतात आणि त्यांत घरातील कोणालाही न आठवणाऱ्या संकेतस्थळांची चित्रे निघतात, अशी ही तक्रार आहे. आमच्या दिवाणखान्यातील विंडोजच्या डेस्कटॉपवर ती बराच काळ चालली. डिस्कवरील जागा कशाने भरते आहे हे पाहताना क्रोमच्या फोल्डरात पहाटे तीन-साडेतीनच्या वेळा असलेल्या फायलींची रांग दिसली; त्यांतील काही उघडल्यावर बुटांच्या जोड्या, साड्या, एका अनोळखी बातमीस्थळाचे बोधचिन्ह आणि कोणाच्या तरी चेहऱ्याचे नखाएवढे छायाचित्र असा ऐवज निघाला. घरात संगणक एक आणि वापरणारे अनेक असले, की अशा वेळी संशय लगेच एखाद्या माणसावर, बहुधा कॉलेजात जाणाऱ्या मुलावर किंवा मुलीवर, जाऊन बसतो. म्हणूनच घरातल्या माणसाला जाब विचारण्याआधी संगणकाला काय काय विचारता येते, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

कॅशमधील फाइल प्रत्यक्षात फार थोडे सांगते. या संगणकावरील ब्राउझरच्या या प्रोफाइलने, म्हणजे एका वापरकर्त्याच्या स्वतंत्र कप्प्याने, ही वस्तू इंटरनेटवरून मागवली, एवढीच तिची साक्ष असते. ती कोणी पाहिली, हे ती सांगत नाही. दारात वर्तमानपत्र पडले म्हणून घरातील कोणी ते वाचले असे ठरत नाही, आणि त्यात घातलेली जाहिरातीची पत्रके तर कोणी मागवलेलीही नसतात. आजचे एखादे बातमीचे पान उघडले, की मजकुराबरोबर जाहिराती, फाँट, मोजणी करणाऱ्या अदृश्य प्रतिमा आणि ‘हेही वाचा’ या चौकटीतील चित्रे अशा अनेक गोष्टी इतर संकेतस्थळांवरून येतात आणि त्या सगळ्या कॅशमध्ये बसतात. शिवाय पान उघडण्यापूर्वीच ते आणून ठेवण्याची सोय क्रोममध्ये आहे. परफॉर्मन्सच्या सेटिंगमध्ये ‘प्रीलोड पेजेस’ या नावाने ती दिसते आणि तिचे ‘स्टँडर्ड’ व ‘एक्स्टेंडेड’ असे दोन स्तर आहेत. ती सुरू असेल तर कोणीही क्लिक न केलेल्या पानाचे अवशेषही डिस्कवर सापडू शकतात.

याची उलट बाजूही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इनकॉग्निटो खिडकीतील कॅश क्रोम डिस्कवर लिहीत नाही. ती स्मृतीत राहते आणि खिडकी बंद होताच जाते. म्हणजे जो लपवून काही पाहू इच्छितो, त्याचा माग या फोल्डरात बहुधा लागणारच नाही, आणि जे येथे सापडते ते उघडपणे, साध्या खिडकीतून किंवा कोणाच्याही हाताशिवाय आलेले असते. तसेच सिंक, म्हणजे एकाच खात्याचा डेटा सर्व उपकरणांवर जुळवून ठेवण्याची सोय, सुरू असेल तर मोबाइलवर पाहिलेल्या पानांची नावे संगणकाच्या हिस्टरीत दिसू शकतात, पण कॅश सिंक होत नाही. हिस्टरीत नोंद आहे आणि कॅशमध्ये काही नाही, तर ते पान दुसऱ्या उपकरणावर उघडले असण्याची शक्यता आधी तपासावी. कॅशमध्ये फाइल आहे आणि हिस्टरीत काहीच नाही, तर ती एखाद्या पानाच्या पोटातून किंवा पार्श्वभूमीतील कामातून आली असण्याची शक्यता मोठी आहे. हिस्टरी नंतर पुसली गेल्याची शक्यता अर्थात उरते, पण ती पहिली शक्यता मानू नये.

फोल्डर कोणाचे आहे, हे आधी पाहावे

‘कॅश फोल्डर’ म्हणून आपण जे उघडले आहे ते नेमके कोणाचे, याची खात्री न करता पुढे गेल्यास सगळा तपास भरकटतो. विंडोजवर क्रोमची मुख्य कॅश वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरात ‘लोकल’, ‘गूगल’, ‘क्रोम’, ‘यूजर डेटा’, ‘डिफॉल्ट’, ‘कॅश’ आणि शेवटी ‘कॅश_डेटा’ या क्रमाने सापडते. ‘डिफॉल्ट’ हे पहिल्या प्रोफाइलचे नाव आहे. घरातील इतरांनी आपापली प्रोफाइल केली असतील, तर शेजारी ‘प्रोफाइल १’, ‘प्रोफाइल २’ अशी फोल्डरे असतात आणि प्रत्येकात स्वतंत्र कॅश असते. एका प्रोफाइलमधून कॅश साफ केली म्हणून दुसऱ्याची साफ होत नाही. ‘साफ केले तरी येते’ या तक्रारींपैकी काहींचे उत्तर एवढ्यातच मिळते. एजची रचना हुबेहूब अशीच आहे, फक्त ती ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि ‘एज’ या फोल्डरांखाली असते. फायरफॉक्सची कॅश ‘मोझिला’ फोल्डरातील प्रोफाइलमध्ये ‘कॅश२’ आणि त्यात ‘एंट्रीज’ येथे असते.

यांशिवाय ‘आयनेटकॅश’ नावाचे एक फोल्डर ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि ‘विंडोज’ यांच्या खाली असते, आणि लोकांना सर्वांत जास्त कोड्यात टाकते ते हेच. इंटरनेट एक्सप्लोररचा आधार मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी बहुतेक विंडोज १० संगणकांसाठी संपवला, घरात तो कोणी वर्षानुवर्षे उघडलेला नाही, तरीही या फोल्डरात ताज्या फायली कशा, असा प्रश्न पडतो. हे फोल्डर एकट्या इंटरनेट एक्सप्लोररचे कधीच नव्हते. विंडोजची ‘विनआयनेट’ ही इंटरनेटवरून वस्तू आणणारी जुनी यंत्रणा ते वापरते आणि ती यंत्रणा वापरणारा कोणताही प्रोग्राम आपल्या फायली तेथे ठेवू शकतो. ‘कंटेंट.आउटलुक’ किंवा ‘कंटेंट.वर्ड’ अशा नावाचे उपफोल्डर दिसले, तर त्यातील फायली मेलच्या जोडपत्रांतून आणि ऑफिसच्या दस्तऐवजांतून आलेल्या असतात. येथे ब्राउझर वापरणाऱ्याचा शोध घेण्यात अर्थ नाही.

अलीकडच्या संगणकांवर आणखी एक प्रकार वाढला आहे. कित्येक प्रोग्राम आतून ब्राउझरच असतात. काही एजचे ‘वेबव्ह्यू२’ हे इंजिन वापरतात आणि त्यांचे ‘ईबीवेबव्ह्यू’ नावाचे स्वतंत्र फोल्डर असते. काही ‘इलेक्ट्रॉन’वर बांधलेले असतात आणि त्यांची कॅश बहुधा ‘ॲपडेटा’तील ‘रोमिंग’मध्ये प्रोग्रामच्या नावाखाली सापडते. विंडोज ११ मधील विजेट्सची पट्टी वेबव्ह्यूवरच चालते आणि बातम्या, क्रिकेटचे धावफलक, हवामान यांची चित्रे आणत असते. विंडोजमध्ये शोध घेताना अशी फाइल दिसली तर वरचे फोल्डर कोणाच्या नावाचे आहे हे पाहणे पुरेसे असते.

एक फाइल जवळून पाहताना

क्रोमच्या फोल्डरात ‘डेटा_०’ ते ‘डेटा_३’ आणि ‘इंडेक्स’ या पाच फायली विंडोजवर बहुधा कायम असतात. ब्राउझर चालू आहे तोवर त्यांत लेखन होतच असते, त्यामुळे त्यांच्यावरील ताज्या वेळेवरून काहीही अनुमान काढू नये. सुमारे १६ किलोबाइटपर्यंतच्या लहान वस्तू या डेटा फायलींतच कोंबलेल्या असतात; त्याहून मोठ्या वस्तूंसाठी ‘एफ_’ने सुरू होणारी आणि पुढे सहा अंक-अक्षरांचा क्रमांक असलेली वेगळी फाइल होते. या फायलींच्या नावाला विस्तार, म्हणजे शेवटी टिंबानंतर येणारी प्रकाराची खूण, नसतो, म्हणून विंडोज त्या कशाने उघडायच्या ते सांगू शकत नाही आणि त्या विनाकारण गूढ वाटतात.

ब्राउझर पूर्ण बंद करून फोल्डराची प्रत दुसरीकडे घ्यावी आणि पुढचे सगळे काम त्या प्रतीवर करावे. ‘एफ_’ची एक फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर बहुतेक भाग निरर्थक चिन्हांचा दिसतो, पण पहिली ओळ बोलकी असते. सुरुवातीला जे, एफ, आय, एफ ही रोमन अक्षरे ओळीने दिसली तर ते जेपेग छायाचित्र आहे; पी, एन, जी दिसली तर पीएनजी; आर, आय, एफ, एफ आणि थोड्या अंतराने डब्ल्यू, ई, बी, पी दिसली तर वेबपी. प्रतीच्या नावाला तो विस्तार जोडला की चित्र उघडते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही ओळखीचे अक्षर नसेल, तर घाबरण्याचे कारण नाही: सर्व्हरने मजकूर दाबून पाठवलेला असतो आणि क्रोम तो जसा आला तसाच साठवतो. एरवी साधी स्क्रिप्टची किंवा मांडणीची फाइल असलेली गोष्ट अशा वेळी सांकेतिक लिपीत असल्यासारखी दिसते.

एकाच आकाराच्या, एकाच चित्राच्या किंवा फाँटच्या अनेक प्रती सापडणे हेही आता नेहमीचे आहे. क्रोमने आपल्या ८६ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० च्या ऑक्टोबरपासून, आणि फायरफॉक्सने ८५ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ च्या जानेवारीपासून, कॅशचे संकेतस्थळानुसार कप्पे केले. त्यापूर्वी एखादा फाँट एकदा आला की सर्व संकेतस्थळांना तोच पुरत असे; पण वस्तू कॅशमधून किती लवकर मिळते हे मोजून एका संकेतस्थळाला वापरकर्त्याने दुसरे कोणते पाहिले याचा सुगावा लागू शकत होता. कप्पे केल्यावर ती वाट बंद झाली, आणि त्याची किंमत म्हणून तीच वस्तू प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळी साठवली जाऊ लागली.

या बदलाचा तपासासाठी फार उपयोग होतो आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील सर्वांत मोलाचा पुरावा येथेच आहे. ‘डेटा_१’ या फाइलीची प्रत नोटपॅडमध्ये उघडून डी आणि के ही अक्षरे दोन अधोरेषांच्या मध्ये, म्हणजे ‘_डीके_’ अशी रोमनमध्ये, शोधावीत. त्यानंतर रिकामी जागा सोडून ओळीने पत्ते येतात: पहिला पत्ता ज्या संकेतस्थळाच्या पानासाठी वस्तू मागवली त्याचा, मधला त्या पानातील चौकटीचा, आणि शेवटचा प्रत्यक्ष वस्तूचा. आपण आतापर्यंत शेवटचा पत्ता पाहूनच चिंतेत पडलेलो असतो, खरे उत्तर मात्र पहिल्या पत्त्यात असते. आमच्याकडे बुटांचे चित्र एका जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून आले होते, पण पहिला पत्ता रोज सकाळी उघडल्या जाणाऱ्या बातम्यांच्या संकेतस्थळाचा होता. साड्यांच्या चित्रांचा पहिला पत्ता मात्र कोणत्याही संकेतस्थळाचा नव्हता. तो ‘क्रोम-एक्स्टेंशन’ या शब्दांनी सुरू होत होता आणि त्यापुढे ३२ अक्षरांची सलग माळ होती. अशी माळ दिसली, की फाइल माणसाने नव्हे, ब्राउझरला जोडलेल्या एखाद्या एक्स्टेंशनने मागवली, हे निश्चित होते. क्रोमच्या एक्स्टेंशन्सच्या पानावर ‘डेव्हलपर मोड’ सुरू केल्यावर प्रत्येक एक्स्टेंशनखाली त्याची ३२ अक्षरांची ओळख दिसते. ती जुळवून पाहिली की नाव हाती लागते.

हे काम नोटपॅडमध्ये किचकट वाटत असेल, तर निर सोफर यांच्या निरसॉफ्ट संकेतस्थळावरील ‘क्रोमकॅशव्ह्यू’ आणि फायरफॉक्ससाठी ‘एमझेडकॅशव्ह्यू’ ही छोटी, विनामूल्य साधने वापरावीत. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:कॅश’ हे पान आजही उघडते. तेथे डिस्कवरील नोंदींची यादी, प्रत्येक नोंद किती वेळा वापरली गेली आणि केव्हा बदलली, हे ब्राउझरच सांगतो. क्रोमचे तसे पान पूर्वी होते, ते २०१८ मध्ये काढून टाकण्यात आले.

वेळांचा घोटाळा

पहाटे तीनची वेळ दिसली की मन दचकते, म्हणून ती कोणत्या घड्याळाची आहे हे आधी ठरवावे. एक्सप्लोररमधील ‘डेट मॉडिफाइड’ ही वेळ विंडोज आपल्या स्थानिक घड्याळाप्रमाणे दाखवते. परंतु प्रत्येक वस्तूबरोबर सर्व्हरने पाठवलेल्या शीर्षनोंदींमधील वेळ नेहमी जीएमटीत असते आणि भारतीय वेळ त्याच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. शीर्षनोंदीत १९:४८ जीएमटी असे असेल, तर आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवसाची रात्रीची १ वाजून १८ मिनिटे झालेली होती. उलट तेथे ०३:३० दिसत असेल, तर आपल्याकडे सकाळचे ९ वाजले होते आणि घरात सगळे जागे होते. ‘लास्ट-मॉडिफाइड’ ही नोंद तर याहून फसवी आहे, कारण ती सर्व्हरवरील मूळ वस्तू केव्हा बदलली ते सांगते. तिच्यावर २०१६ चे वर्ष दिसले म्हणून ती फाइल तेव्हापासून आपल्या संगणकावर आहे, असा अर्थ होत नाही. फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घेतले असेल, तर प्रतीवरील ‘डेट क्रिएटेड’ ही वेळ प्रत काढल्याची असते. ‘लास्ट ॲक्सेस’वर विसंबू नये, अनेक संगणकांवर विंडोज ती वेळ नियमितपणे नोंदवतच नाही.

घड्याळ नक्की झाल्यावरही वेळ रात्रीचीच निघाली, तर संगणक तेव्हा जागा होता का, हे विचारावे. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्यातील ‘सिस्टम’ उघडावे. ‘कर्नल-पॉवर’ची ४२ क्रमांकाची नोंद संगणक झोपल्याची, ‘पॉवर-ट्रबलशूटर’ची १ क्रमांकाची नोंद जागा झाल्याची आणि ‘इव्हेंटलॉग’ची ६००५ क्रमांकाची नोंद विंडोज सुरू झाल्याची असते. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा ‘लास्टवेक’ या पर्यायासह दिली तर शेवटच्या वेळी कशाने जाग आली ते कळते, आणि ‘वेकटायमर्स’ या पर्यायासह दिली तर पुढे कोणता गजर लावलेला आहे ते कळते. विंडोजच्या स्वयंचलित देखभालीची ठरलेली वेळ, आपण बदलली नसेल तर, रात्री २ ची असते. अपडेटनंतर संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. ‘साइन-इन ऑप्शन्स’मधील संबंधित पर्याय सुरू असेल, तर विंडोज स्वतःच खात्यात प्रवेश करून पडदा कुलूपबंद ठेवते, आणि ‘रीस्टार्टेबल ॲप्स’चा पर्यायही सुरू असेल तर आदल्या दिवशी उघडा राहिलेला ब्राउझर त्याच्या सगळ्या टॅबसह पुन्हा उघडते. सर्व पाने नव्याने उतरतात, सकाळी कोणी पाहिले तर कुलूपबंद पडदा दिसतो, आणि कॅशमध्ये मात्र पहाटेच्या फायलींची झुंबड असते. एखाद्या रात्री अचानक पुष्कळ फायली आणि मग अनेक रात्री काहीच नाही, असा नमुना असेल तर सर्वप्रथम विंडोज अपडेटचा इतिहास उघडून तारखा जुळवाव्यात.

आमच्या संगणकावर नमुना वेगळा होता. संगणक झोपतच नव्हता आणि ब्राउझरची खिडकी रात्रभर उघडी राहत होती, त्यामुळे ठरावीक तासांच्या अंतराने थोड्या थोड्या फायली येत होत्या. आजच्या एक्स्टेंशनांना ठरावीक वेळाने जागे होण्याचा गजर लावता येतो. आमचे एक्स्टेंशन खरेदीवरील सवलतींची कूपने शोधणारे होते, कोणी तरी एका सणाच्या खरेदीच्या वेळी बसवलेले. ते काही तासांनी जागे होऊन दुकानांच्या नव्या याद्या चित्रांसह आणत असे. बातमीस्थळाच्या बोधचिन्हाचे कारण नोटिफिकेशनची परवानगी हे निघाले. एखाद्या संकेतस्थळाच्या ‘अलाऊ’ या बटणावर एकदा बोट पडले, की त्याचा सर्व्हिस वर्कर, म्हणजे पान उघडे नसतानाही ब्राउझरमध्ये चालणारा त्या संकेतस्थळाचा छोटा प्रोग्राम, ब्राउझर चालू असेपर्यंत संदेश घेत राहतो आणि संदेशातील चित्र आणून दाखवतो. खोलीत कोणी नसले तरी हे काम होते.

नखाएवढ्या चेहऱ्याचे छायाचित्र मात्र घरात सर्वाधिक अस्वस्थता निर्माण करणारे ठरले. नोंदीचा पहिला पत्ता मेलच्या संकेतस्थळाचा निघाला. मेलचा टॅब उघडा होता, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या नातेवाइकाने तेथील संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडील पहाटे, मेल पाठवले होते आणि टॅबने स्वतःला ताजे करताना प्रेषकाचे प्रोफाइल छायाचित्र आणले होते. मोठे करून पाहिल्यावर चेहरा ओळखीचाच होता.

साफ केल्यावर फायली परत का येतात

कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबल्यावर उघडणाऱ्या चौकटीत ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’ निवडले, की वर वर्णन केलेले कॅश_डेटा फोल्डर रिकामे होते. कालावधी ‘ऑल टाइम’ निवडला आहे ना, एवढे पाहून घ्यावे. पण संकेतस्थळांचे सर्व्हिस वर्कर स्वतःचा साठा वेगळा ठेवतात. तो प्रोफाइलमधील ‘सर्व्हिस वर्कर’ फोल्डरात ‘कॅशस्टोरेज’ या नावाने असतो आणि क्रोमच्या हिशेबी तो कॅश नसून संकेतस्थळाचा डेटा असतो. म्हणून तो ‘कुकीज अँड अदर साइट डेटा’ निवडल्यावरच जातो. कॅश अनेकदा साफ करूनही जागा मोकळी होत नाही आणि फायली दिसतच राहतात, याचे हे एक नेहमीचे कारण आहे. सर्वच कुकीज पुसल्या तर प्रत्येक संकेतस्थळावर पुन्हा लॉगिन करावे लागते. त्यापेक्षा ‘साइट सेटिंग्ज’मधील सर्व संकेतस्थळांची यादी साठ्याच्या आकाराने लावावी आणि नको असलेल्यांचाच डेटा काढावा.

ज्या कारणाने फाइल आली ते कारण जागेवर असेपर्यंत साफसफाईने काही साधत नाही, म्हणून त्याआधी पुढील गोष्टी कराव्यात. नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी उघडून अनोळखी नावे काढावीत. एक्स्टेंशनांच्या पानावर जे वापरात नाही ते बंद न करता काढूनच टाकावे, आणि हे प्रत्येक प्रोफाइलमध्ये जाऊन करावे. क्रोमच्या ‘सिस्टम’ सेटिंगमधील, ब्राउझर बंद असतानाही पार्श्वभूमीतील कामे सुरू ठेवण्याचा पर्याय बंद करावा; एजमध्ये याच्या जोडीला ‘स्टार्टअप बूस्ट’ही बंद करावे. काहीजण वैतागून पूर्ण ‘यूजर डेटा’ फोल्डरच डिलीट करतात. तसे करू नये. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड त्यातच असतात. आणि सिंक सुरू असेल तर पुन्हा साइन-इन करताच तेच एक्स्टेंशन खात्यातून आपोआप परत येऊन बसते, त्यामुळे ज्याच्यासाठी एवढे केले ते तसेच राहते. एक्स्टेंशन आधी काढावे, ते काढल्याचा बदल सिंक होऊ द्यावा आणि मगच कॅश पुसावी. जाहिरातींतून मिळणारे ‘क्लीनर’ प्रोग्राम या कामासाठी घेऊ नयेत. ब्राउझरच्या आतील सोयीपेक्षा जास्त काही ते देत नाहीत आणि त्यांतले काही स्वतःच पार्श्वभूमीत फायली आणू लागतात.

अँटिव्हायरसने कॅशमधील ‘एफ_’ फाइलीबद्दल वारंवार इशारा दिला, तरी क्रम हाच ठेवावा. कॅशमध्ये पडून राहिलेली फाइल आपणहून चालत नाही. मात्र ती स्क्रिप्ट असेल तर ज्या पानाने ती मागवली त्या पानात ती चाललेली असू शकते. अँटिव्हायरस ती फाइल उचलतो, तेच पान, तीच परवानगी किंवा तेच एक्स्टेंशन ती पुन्हा आणते आणि इशारा पुन्हा येतो. पहिला पत्ता शोधून मूळ काढले, तरच हे चक्र थांबते.

एवढे करूनही रात्री लेखन होत असेल, तर लिहिणारा प्रोग्राम प्रत्यक्ष पकडावा. दिवसा हे ‘रिसोर्स मॉनिटर’च्या ‘डिस्क’ विभागात सहज दिसते: कोणती प्रोसेस कोणत्या फाइलीत लिहिते आहे, याची चालू यादी तेथे असते. रात्रीसाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील ‘प्रोसेस मॉनिटर’ चालू ठेवावे, त्याच्या गाळणीत (‘फिल्टर’मध्ये) फाइलीच्या मार्गात ‘कॅश_डेटा’ असलेल्या नोंदीच ठेवाव्यात आणि ‘ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स’ हा पर्याय सुरू करावा, नाही तर सकाळपर्यंत नोंदींनी स्मृती भरून जाते. तेथे फक्त क्रोमचे नाव दिसले तर आश्चर्य मानू नये, कारण क्रोममध्ये सर्व टॅब आणि एक्स्टेंशनांच्या वतीने इंटरनेटचे काम एकच वेगळी प्रोसेस करते. अशा वेळी वेळ प्रोसेस मॉनिटरकडून आणि पहिला पत्ता ‘डेटा_१’मधून घेऊन दोन्ही जुळवावे लागतात.

खरी काळजी करण्याजोगी चिन्हे निराळी आहेत. ‘क्रोम://व्हर्जन’ या पानावर ‘कमांड लाइन’ आणि ‘प्रोफाइल पाथ’ या ओळी असतात; आपण न केलेले प्रोफाइल फोल्डर किंवा ‘रिमोट-डीबगिंग-पोर्ट’ असा शब्दप्रयोग तेथे दिसला, तर ब्राउझर दुसऱ्या कोणी प्रोग्रामने सुरू केला आहे. घरच्या संगणकावर क्रोमच्या मेन्यूत ‘आपली संस्था हा ब्राउझर व्यवस्थापित करते’ अशा अर्थाची ओळ असेल, तर ‘क्रोम://पॉलिसी’ उघडून कोणते धोरण लादले आहे ते पाहावे. काही अँटिव्हायरसही अशी धोरणे बसवतात, पण सक्तीने बसवलेल्या एक्स्टेंशनांच्या यादीत अनोळखी ओळख असेल तर ते घुसखोरीचे लक्षण मानावे. पूर्वी कोणाच्या फोनवरील सांगण्यावरून दूरस्थ नियंत्रणाचा प्रोग्राम बसवला गेला असेल आणि तो अजून प्रोग्रामच्या यादीत असेल, तर संगणक आधी इंटरनेटपासून तोडावा, तो प्रोग्राम काढावा आणि बँकेचे व मेलचे पासवर्ड दुसऱ्या, विश्वासाच्या उपकरणावरून बदलावेत. पैसे गेले असतील तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतक्रमांकावर कळवावे, आणि कॅशचे फोल्डर त्या वेळी पुसू नये. त्याची प्रत तशीच जपून ठेवावी.